तारेखालचे जांभूळ

करंजबाग वसाहत, सांगली
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रबुद्ध यास,

सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझे २८ जानेवारीचे पत्र ३ तारखेस पोहोचले. आजकाल पाकिटातून पत्र कोणी पाठवीत नाही. तू पाठवलेस त्या अर्थी तुला उत्तरही लेखी हवे आहे, असे मी धरून चाललो आहे. आम्ही उभयता कुशल आहोत. सौ. प्रियदर्शनीस पाचवा महिना लागल्याचे वाचून काकूने त्याच दुपारी बाळंतविड्याची यादी करायला घेतली. 'अजून चार महिने आहेत,' असे मी म्हटले, तर म्हणाली, "तुमच्या मीटिंगची नोटीस म्हैनाभर आदी निघती, मग माज्या यादीला काय धाड भरलीया?"

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. भाडेकरू डिसेंबरात गेल्याने तुमचे पंधरा नंबरचे घर रिकामे आहे. ते विकावे, की आईंना घेऊन तुम्ही दोघांनी राहावयास यावे? आणि यावे, तर शेजारून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांमुळे येणाऱ्या बाळास अपाय होईल काय?

मी अंदाजाने लिहीत नाही, हे तू जाणतोस. तुमच्या पूर्वेकडील भिंतीपासून सर्वांत जवळच्या तारेच्या बरोबर खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर मी गेल्या गुरुवारी टेपने मोजले. ते एकोणीस मीटर चाळीस सेंटिमीटर भरले. टेपचे दुसरे टोक काकूने धरले होते. लाइन एकशे दहा केव्हीची आहे, आणि तिच्यासाठी जी पट्टी मोकळी सोडावी लागते, तिच्या हद्दीच्या तुमची भिंत बरीच बाहेर आहे. कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका परिचित प्राध्यापकांकडून चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे छोटे यंत्र दोन दिवसांसाठी आणले होते. चावी माझ्याकडे असल्याने तुमच्या घरात प्रत्येक खोलीत, सकाळी आणि संध्याकाळी, अशा नोंदी घेतल्या. पूर्वेच्या खोलीतला सर्वाधिक आकडा आमच्या चालू मिक्सरशेजारी मिळालेल्या आकड्याहून बराच कमी आहे. नोंदींचा कागद सोबत जोडला आहे.

प्राध्यापकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, तीही लिहितो. तारांजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या एका आजाराचे प्रमाण किंचित अधिक असावे, असे काही अभ्यासांत दिसले. मात्र तारा हेच त्याचे कारण, हे सिद्ध झालेले नाही. ज्यास शंभर टक्के खात्री हवी त्याने येऊ नये. ज्यास तुलना करून निर्णय घ्यावयाचा आहे त्याने पूर्वेची खोली बाळाला देऊ नये, पश्चिमेची द्यावी. मी दुसऱ्या प्रकारचा माणूस आहे.

धुके पडले की तारा गुणगुणतात. नवख्यास दूर कोठे मोहोळ उठल्यासारखे वाटते. आठ दिवसांत ते ऐकू येईनासे होते. पुराचे म्हणशील, तर दोन हजार एकोणीस साली पाणी तुमच्या तिसऱ्या पायरीस लागले, एकवीस साली पहिल्या. घरात शिरले नाही. तारांपेक्षा कृष्णामाईचा विचार अधिक करावा, असे माझे मत आहे.

जमेच्या बाजूस काय लिहू? तू येथेच वाढलास. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची करंजे आता दोन्ही बाजूंनी मिळाली असून मे महिन्यातही त्या रस्त्यावर ऊन पडत नाही. धनेशाची जोडी दोन वर्षांपासून स्मशानाकडच्या उंबरावर येते. आणि तुझ्या आई. परवा फोनवर त्या काकूला म्हणाल्या, "वैनी, सातव्या मजल्यावर ऱ्हाऊन मातीला पाय कसा लागतो तेच इसारलेय बगा मी." पाठोपाठ असेही म्हणाल्या, की त्या तारांखाली परत येणे नको. घर हवे आहे, पण ती जागा नको आहे, अशी त्यांची अडचण दिसते.

राहता राहिला तुझा शेवटचा परिच्छेद. तुझ्या वडिलांचे जे झाले, ते मोकळ्या पट्टीतील जांभळाच्या झाडावर चढल्यामुळे झाले. घरात राहिल्यामुळे नव्हे. तेव्हा निवासाच्या प्रश्नात तो मुद्दा धरणे सयुक्तिक होणार नाही. 'त्या सकाळी बाबांनी घेतली होती का, ते एकदा खरे सांगा,' असे तू लिहिले आहेस. त्याविषयी प्रत्यक्ष भेटीत बोलू. पत्रात लिहिण्याजोगा तो विषय नाही.

एकंदर विचार करता राहावयास येण्यास हरकत नाही, असा माझा अभिप्राय आहे.

तुझा,
हिंदुरावकाका

ता. क. : पट्टीत आता उंच वाढणारे एकही झाड नाही. अडुळसा आणि कढीपत्ता लावला आहे.


करंजबाग वसाहत, सांगली
रविवार, दि. २३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रबुद्ध यास,

सप्रेम जयभीम.

या पत्रात यादी नाही, नोंदींचा कागद नाही. तुझे उत्तर मिळाले. 'काका, तुम्ही सगळं मोजलंत, पण मी विचारलं होतं तेवढं सोडून,' हे वाक्य मी अनेकदा वाचले. त्याआधी घरातही तेच ऐकून झाले होते. मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राची झेरॉक्स ठेवतो. ती काकूने वाचली. चष्मा काढून म्हणाली, "एकोणीस मीटर चाळीस सेंटिमीटर! आनि आनंदभावजी किती उंचीवर हुतं, ते न्हाई मोजलं व्हय तुमी?"

मी म्हणालो, "तो विषय वेगळा आहे."

"येगळा कसा? त्या दिवशी सकाळचा च्या मीच केला हुता. दोन कप. तुमी सांगनार नसला तर मी सांगते. माज्याकडं टेप न्हाई, पन डोळं हायत."

तिने सांगण्यापेक्षा मी सांगणे योग्य. तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे वाचताना त्यावर तुझे मन अडकणार नाही. तुझ्या वडिलांनी त्या सकाळी दारू घेतलेली नव्हती. त्या सकाळी नाही, आदल्या रात्रीही नाही. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, आणि 'वैनी, ह्यो च्या हाय का काढा?' असे काकूला विचारले. ते पूर्ण शुद्धीत होते.

मग ते झाडावर का चढले, हा प्रश्न उरतो. त्यासाठी मागे जावे लागेल.

माझी आई मनुबाई २००९ च्या श्रावणात गेली. आमच्या भावकीने तेव्हा ठरावच केला होता, की रक्षा नदीत सोडायची नाही. खड्डा घेऊन त्यात घालायची आणि वर झाड लावायचे. आईला जांभूळ आवडे. वसाहतीत मोकळी जागा एकच होती, तारांखालची पट्टी. तेथे कोणी घर बांधू शकत नाही, म्हणून ती जागा कायमची सुरक्षित, असा माझा हिशेब. वर मान करून पाहावे, एवढे साधे मला सुचले नाही. पहार घेऊन खड्डा कोणी खणला, तर तुझ्या वडिलांनी. माझा हात पाहून म्हणाले, "सेक्रेटरी, तुमी पेनच धरा. आवं, पन म्हातारीला सावली सोडून लाइटीच्या उजेडात का ठिवताय?" त्या दिवशी भावकीतले कोणी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते, तरी सगळे हसले. मीही हसलो.

काळ्या मातीत, नदीच्या ओलीवर, जांभूळ नऊ वर्षांत तीन माणसांएवढे झाले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तारांखालची झाडे छाटणारी टोळी आली. त्यांचा मुकादम गुंडा नावाचा होता, चाळिशीचा, तोंडात कायम सुपारी. त्याच्या यादीत जांभूळ होते. मी त्याला वसाहतीच्या संस्थेच्या शिक्क्यासह अर्ज दिला, की लेखी आदेशाशिवाय झाडास हात लावता येणार नाही. तो म्हणाला, "सायेब, म्हातारीचं झाड हाय, कळलं मला. माज्याबी आईचं हाय गावाकडं, आंबा. पन वरची तार कुनाची आई वळकत न्हाई."

तो परत गेला आणि ऑक्टोबरात आदेश घेऊन आला. मी आदेश वाचला. त्यावर अधिकाऱ्याची सही होती, तारीख नव्हती. मी तो परत केला.

प्रबुद्ध, साखर कारखान्याच्या भांडारात बत्तीस वर्षे मी बिनतारखेचा कागद परत करीत आलो आहे. त्या दिवशीही केला, आणि त्याचा मला अभिमान वाटला. संध्याकाळी तुझ्या वडिलांना तो प्रसंग मी रंगवून सांगितला. ते म्हणाले, "तुमच्या तारखंपायी एक दिस यमबी माघारी जाईल बगा."

नोव्हेंबरात थंडी पडली. सकाळच्या धुक्यात तारेपाशी तडतड ऐकू येऊ लागली. शेंड्याच्या दोन फांद्या फार जवळ गेल्या होत्या. आता टोळी येईल आणि शेंडाच काय, अर्धे झाड नेईल, अशी मला भीती वाटली. मी ठरवले, की दोनच फांद्या आपण गुपचूप उतरवाव्यात; म्हणजे झाडही राहील आणि कोणास तक्रारीस जागा राहणार नाही. माझा गुडघा तेव्हाच गेलेला. झाडावर चढणारा वसाहतीत एकच माणूस होता, आणि तो माझा शेजारी होता.

आपल्याकडे मंगळवारी देखभालीसाठी वीज बंद असते. पंप दुरुस्त करायचा, नारळ उतरवायचे, खांबाला लागलेली फांदी तोडायची, तर सगळी वसाहत मंगळवारची वाट पाहते. तू लहानपणी पतंग काढायलासुद्धा मंगळवारपर्यंत थांबायचास. मी तेरा नोव्हेंबरचा मंगळवार धरला. वर्तमानपत्रातली वीजबंदीची सूचना वाचून खात्री केली. नऊला घरातले पंखे थांबले. सव्वानऊला तुझे वडील वर चढले.

पंखे ज्या तारांवर चालतात त्या वेगळ्या, आणि त्या पट्टीवरून जाणारी लाइन वेगळी. ती आपल्यासाठी नाहीच. कोठून तरी कोठेतरी जाते, आपल्यावरून फक्त जाते. तिला आपला मंगळवार नाही. वीज नसते असा आम्हा दोघांचाही समज होता.

फांदीवर दव होते. कोयता लागला, फांदी तुटता तुटता वर उसळली आणि तारेकडे कलली. मोठा आवाज झाला. पुढचे तुला ठाऊक आहे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत काही उरले नव्हते.

तुला ठाऊक नाही ते असे. दुपारी हवालदार आले. संस्थेचा सेक्रेटरी आणि प्रत्यक्ष पाहणारा म्हणून जबाब माझा. ते म्हणाले, "सायेब, तुमचं अक्षर चांगलंय. तुमीच लिवा, मी सई घेतो." मी लिहिले : 'मयत आनंदा हे कोणासही न सांगता स्वतःहून झाडावर चढले व तोल गेल्याने त्यांच्या हातातील फांदी तारेस लागली.' एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी. मी त्यांना सांगून चढवले होते, आणि त्यांचा तोल गेलेला नव्हता. 'कोणासही न सांगता' हे स्वतःला वाचवण्यासाठी लिहिले. 'तोल गेल्याने' का लिहिले, याचा मी सहा वर्षे विचार करतो आहे. माझ्या मते केवळ वाक्य पुरे व्हावे म्हणून.

त्या शब्दाने काय केले, ते मी पाहिले आहे. तोल गेला म्हणजे घेतली असणार, असे आठ दिवसांत घाटावर बोलले जाऊ लागले. तीस वर्षे एसटी चालवून एकही अपघात न केलेल्या माणसाविषयी ते बोलले गेले. संस्थेच्या सभेतही एकाने तसे म्हटले. मी इतिवृत्त लिहीत होतो. मी मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात गुंडा आला. या वेळी आदेशावर तारीख होती. मी पोच म्हणून सही केली आणि त्याने जांभूळ बुंध्यापासून नेले.

गेल्या गुरुवारी, २० तारखेस, मी पोलीस ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला. तेथील साहेब तुझ्याहून फार मोठे नसतील. म्हणाले, "काका, फाईल बंद झाली. घरच्यांची तक्रार न्हाई, कुनाची न्हाई. सहा वर्सांनी कशाला उकरताय?" मी म्हणालो, की फाईल उघडावी की नाही हा आपला अधिकार, कागद मात्र घ्यावा लागेल, आणि पोच द्यावी लागेल. पोचेची प्रत सोबत आहे. काल संस्थेच्या सभेत तोच जबाब मी वाचून दाखवला आणि राजीनामा दिला. सभा सुटल्यावर धुळा माळी बाहेर येऊन म्हणाला, "सायेब, हे आनंदतात्या जित्ते असते तर त्यांनीच तुमास्नी गप बसवलं असतं." ते खरे आहे, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते.

आता घराविषयी. मागील पत्रातील आकडे बरोबर आहेत. त्यांत मी काही लपवलेले नाही. अभिप्राय मात्र अपुरा होता. एकोणीस मीटरवरच्या तारेचा धोका मी तुला सांगितला. पाच मीटरवरच्या भिंतीपलीकडे कोण राहतो, ते सांगितले नाही. घर चांगले आहे. सावली आहे. बाळाने तेथे रांगावे असेच ते घर आहे. त्याला शेजारी मात्र मी आहे. तुम्ही यावयाचे ठरवले आणि माझे तोंड पाहणे नको असेल, तर कवठे महांकाळला काकूच्या माहेरी दोन खोल्या आहेत. आम्ही महिन्याभरात निघू. ही धमकी नाही, उपकार नाही. विचार करताना हाती सर्व बाबी असाव्यात, म्हणून लिहितो.

आईंना कसे सांगावे, ते तू ठरव.

हिंदुराव


करंजबाग वसाहत, सांगली
बुधवार, दि. ५ मार्च २०२५

श्रीमती आक्काताई वहिनी यांस,

सविनय जयभीम.

प्रबुद्धचा रविवारी फोन आला होता. त्याने मला काका म्हटले नाही, शिवीही दिली नाही. एवढेच म्हणाला, "मी आईला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. तुम्ही लिहा. ती वाचते. वाचून झाल्यावर घराचं काय करायचं, ते ती सांगेल. आम्ही तिचं ऐकू." त्याला लिहिलेल्या पत्राची प्रत या पाकिटात आहे. ती आधी वाचावी, ही विनंती. ती वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाकावेसे वाटले, तर तुमचा अधिकार आहे. तरीही वाचलेत, तर पुढे लिहितो.

त्या प्रतीत एक वाक्य असे आहे : 'वीज नसते असा आम्हा दोघांचाही समज होता.' ते खरे नाही. सर्व काही कबूल करावयास बसलो, आणि त्यातही तेवढे एक वाक्य मी वाटून घेतले. अर्धा वाटा मेलेल्या माणसाच्या पदरात टाकला. ते दुरुस्त करण्यासाठी हे पत्र आहे.

समज माझा होता. आनंदरावांना शंका होती.

त्या दिवशी तुम्ही तासगावला, भाचीच्या घरी गेला होता. ते झाडावर साधारण दोन पुरुष उंचीपर्यंत गेले आणि थांबले. वर पाहत राहिले. मी खालून म्हणालो, "काय झाले?" ते खाली उतरले. कोयता बुंध्याला टेकवला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. शब्द न् शब्द मला आठवतो.

"सेक्रेटरी, घरातली लाइट गेलीया ते खरं. पन ही वरची लाइन आपल्या मंगळवारात येती का वं?"

मी म्हणालो, "आनंदराव, लाइट गेली म्हणजे गेली. मी नोटीस वाचली आहे."

"नोटिशीत ह्या लायनीचं लिवलंय?"

नोटिशीत त्या लाइनचे काहीही नव्हते. मला ते ठाऊक नव्हते, कारण त्या दृष्टीने मी पाहिलेच नव्हते. 'पाहून सांगतो, तोवर थांबा,' एवढे म्हणायला हवे होते. घरात जाऊन वर्तमानपत्र आणायला मला दोन मिनिटे लागली असती. पण माझ्या वाचनावर कोणी शंका घेतलेली मला खपत नाही, वहिनी. तुम्हांला हे नवे नाही. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "मी सांगतो आहे ना?"

ते हसले. म्हणाले, "मग काय बोलनंच खुटलं. तुमी कंडक्टर. द्या डबल बेल."

आणि मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, खाली उभा राहून तोंडाने टिंग टिंग असा आवाज काढला. ते झाडावर चढले.

एवढेच सांगावयाचे होते. हे पोलिसांच्या जबाबात नाही, सभेत वाचलेल्या कागदात नाही, प्रबुद्धच्या पत्रात नाही. काकूलाही कालपर्यंत ठाऊक नव्हते. तिने ऐकले आणि आज सकाळचा चहा माझ्यापुढे न ठेवता ओट्यावर ठेवून दिला. तो तेथेच निवला.

माफी मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. मागितली, तर ती देण्याचे ओझे पुन्हा तुमच्यावरच येईल. घराविषयीही आता मी काही सांगणार नाही. ते तुमचे घर आहे, आणि त्या अंगणात कोणाचे तोंड दिसावे, हे तुम्हीच ठरवायचे. तुमचा निरोप आला की त्याप्रमाणे होईल.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून तुम्हांला येणे जरूर आहे. प्रबुद्धने मागे एका पत्रात लिहिले होते, की त्यांचा फोटो तुम्ही अजून भिंतीवर लावलेला नाही. कपाटात, साड्यांच्या खाली आहे. तो काढून लावावा म्हटले की तुम्ही म्हणता, "जल्मभर सांगून कुनाचं आयकलं न्हाई त्या मान्सानं. शेवटालाबी न्हाई. ऱ्हाऊ दे तितंच." पुण्यानुमोदनाच्या दिवशीही तुम्ही हेच म्हणाला होता. मी तेव्हा पाच हातांवर उभा होतो आणि मला बोलता आले असते.

वहिनी, त्यांनी विचारले होते. चढलेल्या झाडावरून खाली उतरून, समोर उभे राहून विचारले होते. ज्याला ठाऊक असायला हवे, त्यालाच विचारले होते. त्या दिवशी त्यांनी ऐकले.

ज्याचे त्यांनी ऐकले, तो,
हिंदुराव नाथाजी थोरात